सुनेच्या गोळ्यांची वाटणी करू नका

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही भांडुपला चाळीत राहतो. घरात मी, मुलगा, सून आणि साडेतीन वर्षांचा नातू. सून 26 वर्षांची, वजन 41 किलो. महिनाभर खोकला होता, बेडका मशीनवर तपासला तर टीबी निघाला. साधा टीबी आहे, औषधांना दाद देणारा, असं सांगितलं. पालिकेच्या दवाखान्यातून रोज तीन गोळ्या एकदम घ्यायला दिल्यात. पाच आठवडे झाले. ताप गेला, जेवण सुधारलं. पण गोळ्या घेतल्या की तिला मळमळतं, म्हणून मीच सांगितलं की सकाळ-दुपार-रात्र एकेक घे. लघवी केशरी होते, ते बघून घाबरले आणि लिव्हरसाठी गुळवेलीचा काढा सुरू केला. खोकला थोडा राहिलाय म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिनच्या पाच गोळ्या लिहून दिल्या, आणल्यात पण अजून दिल्या नाहीत. ती पाळणा लांबवायच्या गोळ्याही घेते, त्या चालतील का? पुढच्या महिन्यात गणपतीला राजापूरजवळ गावी जायचंय, दहा-बारा दिवस. चार लोकांसमोर गोळ्या नकोत असं ती म्हणते. तेवढे दिवस बंद ठेवल्या तर? की तिला तोवर माहेरी ठेवू? मला शुगर आहे, बाकी ठीक.

– एक सासू, भांडुप

उत्तर

ताई,

आधी तातडीचं. लिव्होफ्लॉक्सासिनची ती पट्टी सुनेला देऊ नका. आणि उद्यापासून तिन्ही गोळ्या एकाच वेळी, एकामागोमाग. मळमळीचं काय करायचं ते पुढे सांगते.

तुम्ही तीन गोळ्या म्हणता, पण सून रोज चार औषधं घेते आहे, आणि प्रत्येक गोळीत ती चारही आहेत. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, नातवाच्या बाबांना वाचायला सांगा: आयसोनियाझिड 75 मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400, इथॅम्ब्युटॉल 275. किती गोळ्या ते वजनावर ठरतं. 35 ते 49 किलोपर्यंत तीन, 50 ते 64 किलोपर्यंत चार. म्हणजे 41 किलोला तीन अगदी बरोबर. पुढे तिचं वजन चांगलं वाढून पन्नाशीपलीकडे गेलं तर गोळ्यांचा आकडाही बदलू शकतो, म्हणून दर महिन्याला केंद्रावर वजन करून केसपेपरवर लिहून घ्या.

आता चार औषधं कशाला, एक जोरदार का नाही? हे नीट कळलं की तुमच्या पत्रातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्याल, म्हणून इथे जरा थांबते.

फुप्फुसात टीबीने पोकळी पाडली असेल तर तिथे जंतू कोटींच्या घरात असतात. इतक्या जंतूंत काही जन्मतःच एखाद्या औषधाला न जुमानणारे निघतात, औषध कधी पोटात गेलेलं नसतानाही. आयसोनियाझिडला न जुमानणारा साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. नुसतं आयसोनियाझिड दिलं तर बाकी सगळे मरतात, पेशंटला बरं वाटतं, आणि उरलेले हट्टी जंतू मोकळ्या जागेत वाढतात. दोन्ही एकत्र दिली तर दोघांनाही पुरून उरणारा जंतू सापडायला दहा लाख गुणिले दहा कोटी इतके जंतू लागतील. तेवढे कुणाच्याच छातीत नसतात. सगळी उपचारपद्धती या गुणाकारावर उभी आहे.

हे कागदावरचं गणित नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं खरं औषध. ब्रिटनमध्ये ते एकटं देऊन पाहिलं आणि 1948 साली निष्कर्ष छापले. सुरुवातीला पेशंट झपाट्याने सुधारले, पण काही महिन्यांत बहुतेकांच्या जंतूंवर औषध चालेनासं झालं. तेव्हापासून टीबीच्या पेशंटला एकच औषध द्यायचं नाही, हा नियम झाला.

चौघांची कामंही वेगवेगळी आहेत. आयसोनियाझिड भराभर वाढणाऱ्या जंतूंना मारतं. रिफाम्पिसिन सुस्त पडून अधूनमधून जागे होणाऱ्यांनाही गाठतं, आणि त्याच्याचमुळे उपचार सहा महिन्यांत आटोपतात. पायराझिनामाइड सुजलेल्या, आंबट झालेल्या जागेतल्या जंतूंवर चालतं, म्हणून ते पहिले दोन महिनेच लागतं. इथॅम्ब्युटॉल राखणीला. दोन महिन्यांनी सुनेला जी पट्टी मिळेल तिच्यात पायराझिनामाइड नसेल. चुकीची पट्टी दिली म्हणून केंद्रावर भांडू नका. ती पुढे चार महिने चालते.

एकाच गोळीत सगळं कोंबण्याचा एक तोटा मी लपवणार नाही. अंगावर पुरळ आलं किंवा कावीळ झाली तर कुठल्या औषधाने ते गोळीकडे बघून कळत नाही. मग डॉक्टर सुटी औषधं एकेक करून सुरू करतात, आणि त्यात वेळ जातो. तरीही मी या गोळीच्याच बाजूची आहे. सुट्या चार डब्या घरात असल्या की ‘ही कडू, ही गरम पडते, हिने पोट दुखतं’ म्हणून एखादी हमखास गळते. बहुतेक वेळा ती गाळणारी पेशंट नसून तिच्यावर माया करणारी घरातली कुणीतरी असते.

आता त्या लिव्होफ्लॉक्सासिनकडे. न्यूमोनियासारख्या आजारांत ते दिलं जातं, औषध चांगलं आहे. पण ते टीबीच्या जंतूवरही चालतं, आणि साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी झाला तर उपचारातला तो एक मुख्य आधार असतो. चालू उपचारात वरून एकटं, तेही पाच दिवस टाकायचं म्हणजे त्या औषधालाही जंतू सरावण्याचा धोका पत्करायचा. पाच आठवड्यांनी थोडा खोकला राहणं नेहमीचं आहे, फुप्फुस भरून यायला वेळ लागतो. ताप परत आला, बेडक्यात रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं, तर मात्र केंद्रावर जाऊन पुन्हा तपासणी. वरून औषध घालून बघायचं नाही.

तुमच्या डॉक्टरांना नावं ठेवण्यात मला रस नाही, पण या शहराला याबाबतीत इतिहास आहे. 1991 साली छापून आलेल्या एका अभ्यासात मुंबईच्या झोपडपट्टी भागातल्या 100 खासगी डॉक्टरांना विचारलं की टीबीला काय लिहून द्याल. तब्बल 80 वेगवेगळी उत्तरं आली. 2010 मध्ये छापलेल्या तशाच पाहणीत 106 डॉक्टरांची 63 उत्तरं. पुढे 2011 च्या अखेरीला माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तेव्हा तपासता येणाऱ्या सगळ्या औषधांना पुरून उरलेल्या टीबीचे चार रुग्ण जगापुढे मांडले. त्यांतल्या तिघांना वेगवेगळ्या खासगी दवाखान्यांतून नंतरच्या फळीतली औषधं एकेक करून, अनेकदा चुकीच्या डोसमध्ये वाढवत दिली गेली होती. तुमच्या कपाटातली पट्टी त्याच रस्त्याची आहे. गल्लीतल्या डॉक्टरांना सुनेचं टीबीचं कार्ड दाखवा, त्यांना कदाचित तिच्या उपचाराचा पूर्ण तपशील माहीतही नसेल.

गोळ्या तीन वेळांना वाटल्या तर काय बिघडतं, असं तुम्हाला वाटणार. चारही औषधं तर गेलीच पोटात! पण रिफाम्पिसिनची ताकद रक्तात ते एका वेळी किती उंच चढतं यावर बरीचशी आहे. तीन हप्त्यांत घेतलं की ती उंची कधी गाठलीच जात नाही. झालं गेलं त्याचा घोर लावून घेऊ नका. ताप गेलाय, भूक लागतेय, म्हणजे औषध काम करतंय. फक्त इतके दिवस गोळ्या अशा वाटून घेतल्या हे केंद्रावर लपवू नका, पुढचा बेडका तपासताना त्यांना ते ठाऊक असलेलं बरं.

मळमळीवर उपाय आहेत. या गोळ्या रिकाम्या पोटी उत्तम लागू पडतात, पण सोसत नसेल तर थोडं खाऊन घेतलेल्या चालतात. उलटी होण्यापेक्षा ते बरं. पोहे, भाकरीचा तुकडा, काहीतरी हलकं. तेलकट आणि पोटभर नको. सकाळी घर आवरण्याच्या घाईत त्रास होत असेल तर झोपताना घेऊ दे, मात्र वेळ ठरली की रोज तीच. ॲसिडिटीची पातळ औषधं गोळ्यांच्या सोबत देऊ नका, मध्ये दोन तास तरी जाऊ देत, नाहीतर आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. आणि गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका. पावसाळ्यात आपल्याकडे पापडसुद्धा सादळतात, या गोळ्यांनाही दमट हवा मानवत नाही.

एखाद्या दिवशी विसर पडला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी सहा नाहीत, तीनच. चुकलेला दिवस शेवटी वाढवून देतात.

केशरी लघवी. ताई, ते रिफाम्पिसिन रंगाने बाहेर पडतंय, बस. घाम, अश्रूही केशरी होऊ शकतात. गोळ्या घेतल्यावर काही तासांत हा रंग येतो आणि दिवस उतरताना फिका होतो. काविळीची लघवी वेगळी. दिवसभर गडद, कोऱ्या चहासारखी, आणि सोबत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. सुधारलेली भूक अचानक मेली, अन्नाचा वासही नको झाला, सारख्या उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगाला खाज, यांतलं काही दिसलं तर पिवळेपणाची वाट बघत बसू नका. त्या दिवशीच्या गोळ्या घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचा. थांबवायच्या त्या सगळ्या. तीनाच्या दोन करून बघणं नको. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात, आणि रक्ततपासणीनंतर कधी, कशी, कोणत्या क्रमाने परत सुरू करायची हे डॉक्टरच ठरवतील.

म्हणूनच तुमचा काढा बंद करा. लिव्हरसाठी म्हणून तुम्ही देताय, मन मोठं आहे तुमचं. पण कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्या मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी छापल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद मी इथे सोडवत बसत नाही. मला एवढंच दिसतं की लिव्हरवर भार टाकणारी तीन औषधं आधीच चालू आहेत. उद्या कावीळ झालीच तर ती गोळ्यांनी की काढ्याने, हे शोधण्यात टीबीचा उपचार लटकेल. सहा महिने चहात आलं घाला, हौस भागेल.

डोळ्यांकडे लक्ष ठेवा. इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजर अधू होते, लाल-हिरवा रंग ओळखू येईनासा होतो. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला लावा, मग दुसरा झाकून. अक्षरं धूसर झाली किंवा लाल तारखा विटल्यासारख्या दिसल्या तर लगेच दाखवा, वेळेत औषध थांबवलं तर नजर बहुधा सुधारते. हातापायांना मुंग्या येणं आयसोनियाझिडमुळे. त्यासाठी पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-6 जीवनसत्त्वाची छोटी गोळी मिळते, दिली नसेल तर मागून घ्या. सांधे दुखले तर बहुधा पायराझिनामाइड, केंद्रावर सांगा. आणि तुम्ही कोकणातली माणसं, म्हणून एक जास्तीचं: आयसोनियाझिड चालू असताना कुप्यासारखा मासा खाल्ल्यावर काहींचा चेहरा लालबुंद होतो, डोकं दुखतं, छाती धडधडते. ताजी मासळी खुशाल खाऊ दे, पण कुपा टाळा, आणि मासा शिळा असेल तर कुठलाच नको.

पाळणा लांबवायच्या गोळ्यांबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत. कितीतरी घरांत हा प्रश्न तोंडातून निघतच नाही. रिफाम्पिसिनमुळे लिव्हर त्या गोळ्यांमधली संप्रेरकं भराभर निकामी करून टाकतं, आणि गोळी रोज घेऊनही दिवस राहू शकतात. तातडीच्या गोळीवरही विसंबता येत नाही. उपचार संपल्यावरही सुमारे महिनाभर हा परिणाम राहतो. तोवर कंडोम किंवा तांबी. याबद्दल मुलाशीही बोला, हे काम एकट्या सुनेचं नाही. आणि यदाकदाचित पाळी चुकली तर घाबरून टीबीच्या गोळ्या थांबवू नका. ही चारही औषधं गरोदरपणात दिली जातात. चाचणी करून केंद्रावर कळवा.

आता गणपती. दहा-बारा दिवसांची सुट्टी गोळ्यांना नाही, म्हणजे नाहीच. जंतूंना मोकळीक मिळते हे एक. दुसरं कमी लोकांना माहीत असतं: रिफाम्पिसिन मध्येच सोडून पुन्हा सुरू केलं तर क्वचित अंगात थंडी-ताप भरणं, रक्तातल्या प्लेटलेट कमी होणं, मूत्रपिंडाला इजा असे प्रकार होतात. सरळ मार्ग असा की निघण्याच्या आठवडाभर आधी केंद्रावर सांगा, प्रवासाचे आणि वर चार दिवस जास्तीचे अशा पट्ट्या मागून घ्या. परतीच्या गाड्यांचा भरवसा तुम्हाला मी काय सांगणार. तिचं नाव निक्षय या सरकारी नोंदणीत असतं, त्यामुळे मुक्काम लांबलाच तर गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही गोळ्यांची सोय करून घेता येते. अडलं तर 1800-11-6666 ही निक्षयची मोफत हेल्पलाइन आहे. राहिले चार लोक. झोपताना, खोलीचं दार लावून तीन गोळ्या घ्यायला अर्धा मिनिट लागतो, गावाला सांगायची गरज नाही. कुणाला सांगायचं ते तिला ठरवू दे.

माहेरी पाठवायचं मात्र डोक्यातून काढा. 1956 मध्ये मद्रासला क्षयरोगावरचं संशोधन केंद्र सुरू झालं आणि तिथे हाच प्रश्न तपासला: पेशंटला सॅनेटोरियममध्ये ठेवायचं की घरीच गोळ्या द्यायच्या. घरी राहून उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात टीबी जास्त पसरला नाही. घरच्यांना जो संसर्ग व्हायचा तो मुख्यतः उपचार सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो, आणि गोळ्या नीट चालू असल्या की पेशंटपासूनचा धोका झपाट्याने कमी होतो. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल. ताटवाटी वेगळी करू नका, टीबी भांड्यांतून पसरत नाही. तिच्या ताटात अंडं, डाळ, शेंगदाणे जास्त पडू देत. निक्षय पोषण योजनेत उपचाराच्या काळात महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात, नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 500 वरून वाढली. येत नसतील तर खात्याचे कागद केंद्रावर दिलेत का ते पाहा.

राहता राहिलं तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य, जे तुम्ही घाईत उरकलंत. तुम्हाला मधुमेह आहे आणि तुम्ही टीबीच्या पेशंटसोबत एका खोलीत राहता. मधुमेहात टीबीचा धोका वाढतो. नातू पाच वर्षांच्या आतला, त्याला तर हा रोग मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. तुम्ही, मुलगा आणि नातू तिघांची तपासणी व्हायला हवी, एव्हाना झालीही असायला हवी होती. टीबी नाही अशी खात्री पटली की प्रतिबंधक औषध देतात, रोज आयसोनियाझिड सहा महिने किंवा आठवड्यातून एकदा दोन औषधं तीन महिने. तुम्हाला कुठलं, नातवाला कुठलं, ते डॉक्टर ठरवतील. वर मी म्हटलं एकटं औषध नको आणि इथे एकटं आयसोनियाझिड कसं, असं विचाराल. रोग झालेला नसतो तेव्हा अंगात जंतू इतके थोडे असतात की त्यांत हट्टी जंतू निघण्याची शक्यता नगण्य. पण म्हणूनच आधी एक्स-रे आणि तपासणी. रोग आहे हे न कळता एकटी गोळी सुरू झाली तर तीच 1948 ची गोष्ट.

सोमवारी सुनेबरोबर तुम्हीही निघा, नातवाला घेऊन. मुलाने अर्धा दिवस सुट्टी काढली तर उत्तम. जाताना तुमच्या शुगरच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाका. प्रतिबंधक औषधांपैकी काहींमुळे शुगरच्या गोळ्यांचा असर कमी होतो, त्यामुळे तुम्ही काय घेता ते तिथल्या डॉक्टरांना दिसलं पाहिजे. लिव्होफ्लॉक्सासिनची पट्टीही सोबत न्या आणि त्यांनाच दाखवा.